नमुन्याचं पाणी

सोमवारी दुपारी सदफने बाविसावी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला त्या पाण्याच्या स्वच्छपणाचाच राग आला.

टाकीमागच्या गल्लीतून आलेल्या बावीसच्या बावीस बाटल्या निर्मळ निघाल्या होत्या. दोन दिवस उबदार पेटीत ठेवूनही एकीच्याही पाण्यात जंतू वाढले नव्हते. आणि त्याच गल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी सात पोरं तीन आठवड्यांत डोळे पिवळे करून आपापल्या गावी परत गेली होती. कुणी मुरुडचं, कुणी भोकरचं, एक तर अर्धापूरच्या केळीच्या बागेतून इथे आलेलं. डॉक्टर व्हायला आली आणि पेशंट होऊन गेली, असं गल्लीतलेच लोक हसत हसत सांगायचे. सदफला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

२०१६ चा एप्रिल होता. लातूरला पाणी पाजणारं धरण कोरडं पडून महिने लोटले होते, मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आणि तरी ट्यूशनच्या भागात नव्या बॅचचे फलक लागतच होते. अडतीवर माल नव्हता, बांधकामं थांबली होती, मिस्त्री लोक सकाळपासून टपरीवर बसून एकाच चहावर दुपार करायचे. शहरात हलत होते ते दोनच धंदे, क्लास आणि टँकर.

सदफ नांदेडच्या इतवाऱ्यातली. वडील ताहेर घड्याळं दुरुस्त करायचे आणि लेक त्यांच्या भिंगातून मुंग्यांचे पाय बघत मोठी झाली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून ती लातूरच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागली, तेव्हा कामाची वाटणी साधी होती. वैजनाथ नावाचा सहकारी गावभर फिरून पाणी गोळा करायचा, सदफ तपासायची. फेब्रुवारीत वैजनाथचं कंत्राट संपलं. निधी नाही म्हणून दुसरं झालं नाही. त्याची सायकल तेवढी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात राहिली, आणि त्याचं काम सदफकडे आलं.

काम दुप्पट झालं तरी तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती लोकांबद्दल. तिने टाकीमागच्या गल्लीत बैठक बोलावली. बावीस घरांतून चार माणसं आली. त्यातल्या एकाला टँकरवाल्याचा नंबर हवा होता आणि एक आजोबा मंडपातल्या पंख्याखाली बसायला आले होते. तिने ‘पाणी उकळून प्या’ असे कागद भिंतींवर चिकटवले. दुसऱ्याच दिवशी त्यावर एका क्लासचा फलक चढला, आणि ‘उकळून’ या शब्दावर गुणवत्ता यादीतल्या एका पोराचे दात आले. एका घरात तिने तोंडी समजावून सांगितलं तर तिथली बाई म्हणाली, “उकळायला ग्यास तुम्ही देता का म्याडम?”

तिचं म्हणणं खरं होतं. पण प्रश्न विचारून बाई दार लावून घेते, याला काय म्हणायचं?

“निकाल लिहून टाक,” मलप्पा सर म्हणाले. ते प्रयोगशाळेचे प्रमुख, उदगीरकडचे, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. “पिण्यायोग्य. शनिवारी बैठक आहे. चांगल्या गल्ल्या यादीतून काढायच्या आणि राहिलेल्यांनाच औषध टाकायचं, असं वरून आलंय. ब्लिचिंग पावडर कमी आहे.”

“म्हणजे ही गल्ली यादीतून जाणार?”

“चांगली निघाली तर जाणारच.”

“सर, सात पोरं आजारी पडलीत तिथली.”

“पोरं पाणीपुरी खातात, सदफ.”

“सातही जण?”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुझं काम पाणी तपासणं. पाणी चांगलं आलं. आता पाण्याशी भांडू नकोस.”

सदफ टेबलाशी परतली. टंचाईमुळे फक्त जंतू बघायचे, क्षार मोजत बसायचे नाहीत, असा आदेश होता आणि दोन माणसांचं काम उरकताना तो तिला सोयीचाही वाटला होता. आज तिने खणातून क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढलं आणि बाटल्यांत उरलेल्या पाण्यात एकेकदा बुडवलं. एक्केचाळीस. अडतीस. चव्वेचाळीस. चाळीस. बावीस घरं आणि एकही आकडा पन्नासच्या वर नाही.

तिने गेल्या उन्हाळ्याची वही काढली. त्याच गल्लीच्या बोअरचं पाणी तेव्हा अकराशे ऐंशी भरलं होतं. साडेचारशे फुटांवरून दगडाच्या फटींतून आलेलं पाणी दगड विरघळवूनच वर येतं. ते एका वर्षात चाळीसवर येत नाही. लातुरात चाळीस आकड्याचं पाणी एकाच ठिकाणी मिळायचं, वीस लिटरच्या विकतच्या जारमध्ये.

आणि जारचं पाणी तिच्या बाटल्यांत शिरलं ते तिच्याच वाटेने. नियम असा की बाटली तपासणाऱ्याने स्वतः भरायची. नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा आणि मग धार घ्यायची. पण त्या उन्हाळ्यात कुणाच्या दारात दोन मिनिटं नळ सोडणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. शिवाय घराघरांत थांबायला वेळ कुणाला होता? ती संध्याकाळी बाटल्या वाटायची, सोबत छापील चिठ्ठी द्यायची आणि सकाळी भरलेल्या बाटल्या गोळा करायची. एका फेरीत एक गल्ली. तिला तेव्हा ही युक्ती वाटली होती.

मंगळवारी सकाळी अकराला ती वैजनाथच्या सायकलवरून टाकीमागच्या गल्लीत पोचली. आज कुणाला तरी जाब विचारायचाच, असं तिने रस्ताभर ठरवलं होतं.

बारावं घर धोंडाबाईंच्या खानावळीचं. पुढच्या खोलीत तीन लांब टेबलं, मागे स्वयंपाक आणि न्हाणीशेजारी निळा बॅरल. धोंडाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला खणखणीत.

“या म्याडम, बसा. केवढं ऊन झालंय. आधी पानी घ्या.”

स्टुलावर जार होता, त्यावर विणलेला रुमाल. धोंडाबाईंनी तांब्या भरला, पेला विसळला, भरून पुढे केला. सदफने पिशवीतून पेन काढून पेल्यात बुडवलं.

“हे काय? ताप बघताव का पान्याचा?”

एक्केचाळीस. सदफने पेला खाली ठेवला. “मावशी, मला दिलेली बाटली याच जारमधून भरली होती?”

“मग! दुसऱ्या कशातनं भरनार?”

“आणि जेवायला येणारी पोरं काय पितात?”

धोंडाबाईंनी हनुवटीनेच बॅरल दाखवला. “बोअरचं. साठ ताटं हायती माझ्याकडं. साठांना जार पाजला तर मला डाळ कशानं शिजवावी?”

“म्हणजे फसवलंत तुम्ही मला.” सदफचा आवाज तिच्या नकळत चढला. “सगळ्या गल्लीने फसवलं. मी इथे बारा-बारा तास मरते आणि तुम्ही जारचं पाणी देता?”

धोंडाबाईंनी भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली चिठ्ठी ओढून काढली आणि सदफच्या हातात दिली. “वाचा. तुमचाच कागद हाय. काय लिव्हलंय?”

“‘प्रत्येक घराने पाण्याचा नमुना भरून तयार ठेवावा.’”

“मग? नमुनाच दिला की. फसवलं कुठं?”

सदफने चिठ्ठी पुन्हा वाचली.

“आमच्या मालकांनी उभ्या जन्मात तुरी पिकवल्या,” धोंडाबाई म्हणाल्या. “अडतीला पोती न्यायच्या आधी रुमालात पसाभर नमुना न्यायचा. तो कसा न्यायचा ठाव हाय? चाळून, पाखडून, खडा-माती, किडका दाना येचून. दोन दिस मी बसायची त्या पसाभर तुरीला. अडत्या नमुना बघून भाव करतो. खड्यासकट नमुना नेनारा मानूस तुम्ही बघितलाय का कुठं?”

“आणि पोतं?”

“पोतं जसं असतंय तसं असतंय. ते काय हातावर घेऊन दाखवायचं असतंय व्हय?”

सदफला पाच वर्षं शिकवलं होतं की नमुना म्हणजे साऱ्या साठ्यासारखा असलेला छोटा अंश. इथे नमुना म्हणजे साठ्यातला सर्वांत चांगला अंश. शब्द एकच होता, तो तिनेच छापून वाटला होता आणि बावीस घरांनी तो अगदी बरोबर वाचला होता. राग अजून होता, पण तो कुणावर काढावा हे तिला आता कळेना.

“मावशी, मला खडेच बघायचे होते,” ती हळू म्हणाली.

धोंडाबाई समोरच्या बाकावर बसल्या. आतून कुकरची शिट्टी झाली, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“भूकंपात घर पडलं आमचं,” त्या म्हणाल्या. “त्र्यान्नवला. औशाकडं गाव माझं. मानसं वाचली, घर गेलं. मग रोज गाड्या. कागद घेऊन सायेब लोक उतरायचे. दाखवा बाई, कुठली भिंत पडली, कुठं तडा गेला. दाखवायची. लिव्हून घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी, दुसरा कागद. तीच भिंत म्या अकरा येळा दाखवली. बाराव्यांदा एक बाई आली, चांगली होती बिचारी, तुमच्यावानीच बारीक. तिला म्या म्हटलं, माझं काय बी पडलं न्हाई, जावा तुम्ही. तवापासनं ठरवलं. कागद घेऊन येनाऱ्याला मोडकं दाखवायचं न्हाई. घरात जे चांगलं असंल ते द्यायचं आन वाटंला लावायचं.”

सदफने पेल्यातलं पाणी संपवलं. गेले सहा आठवडे ती लोकांना बेफिकीर म्हणत आली होती. काही होतेही. पण निदान या घरात बेफिकिरी नव्हती. या घराने तिला पाहुणी समजून वाटेला लावलं होतं.

“मी तुमचं पाणी घेऊन जाणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “लिहूनही घेणार नाही. बाटली तुमच्याच घरात राहील. तुम्हीच बघा.”

प्रयोगशाळेच्या कपाटात पट्टीच्या बाटल्यांचं एक खोकं पडून होतं. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबेला ठेवायचं. पाण्यात माणसाच्या आतड्यातले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत सगळं काळं होतं. नसतील तर पिवळसर राहतं. मोठ्या तपासणीइतकी ती नेमकी नव्हती. पण तिचा निकाल वाचायला कुणी शिकलेलं लागत नव्हतं, आणि एप्रिलमधल्या लातूरच्या स्वयंपाकघराइतकी चांगली ऊब सरकारी पेटीतही मिळत नव्हती.

त्याच दुपारी ती खोकं घेऊन परत आली. सोबत धोंडाबाई निघाल्या, पदर खोचून. सदफने प्रत्येक दारात सगळं शास्त्र समजावून सांगायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दारापासून धोंडाबाईंनीच सूत्रं घेतली.

“ए, नमुना नकोय त्यांला! भांडी घासायचं पानी द्या. न चाळलेलं!”

“आन ते कशाला?” कुणीतरी विचारी.

“पान्यात संडास हाय का बघायचंय.”

“अगं माय!”

एवढ्यावर बाटली घेतली जायची. सदफची तीन मिनिटांची प्रस्तावना कुणालाच लागली नाही. ती फक्त झाकण धरून उभी राहायची, बॅरलमधून किंवा नळातून पाणी खुणेपर्यंत आलं की बाटली बंद करायची, तिच्यावर घराचा क्रमांक लिहायची आणि ओट्यावर गॅसपासून हातभर लांब ठेवायची. सगळ्याच घरांना उत्सुकता होती असं नाही. सहा घरांत ‘ठेवा तिथं’ म्हणून लोक टीव्हीकडे वळले. सदफने तिथेही ठेवली.

शेवटी पहिल्या घरापाशी, स्वतःच्याच दारात, व्यंकटी वाट बघत उभा होता. गल्लीचं बोअर त्याचं. त्याच्या दोन इमारतींत पोरं राहायची आणि त्याच्याच मोटरीवरून सगळ्या गल्लीला सकाळ-संध्याकाळ तासभर पाणी जायचं.

“म्याडम, रिपोर्ट चांगला आलाय म्हनं. मग आता काय उकरून राहिलात?”

“तो रिपोर्ट जारच्या पाण्याचा आहे.”

“असू द्या की. बोअर बंद पाडलं तर दोनशे पोरं कुठं जातील? पोरं गेली की खोल्या रिकाम्या, खानावळी रिकाम्या, झेरॉक्सवाला रिकामा. आधीच बाजार बसलाय. तुमाला काय, पगार चालू हाय.”

सदफचे पाय ठणकत होते, सकाळपासून पोटात एक पोळी होती, आणि पगाराचा उल्लेख तिला चावला. पण प्रश्न खोटा नव्हता.

“बोअर बंद होणार नाही असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही,” ती म्हणाली. “सात पोरं गेली, एवढं माहीत आहे. पाणी वाईट असेल तर उरलेलीही जातील. मी बंद पाडायची गरजच पडणार नाही.”

व्यंकटीने हात मागे बांधले. मग तोंड वाकडं करून म्हणाला, “ठेवा माझ्या बी घरात एक.”

गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा धोंडाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बाटली दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरली होती. शाईसारखी काळी. “काल सांजच्यालाच झाली,” त्या म्हणाल्या. “साठ पोरांना म्या हेच वाढलं?”

सदफने बाटली हातात घेऊन तिच्यावरचा क्रमांक बघितला. “आधी सगळी घरं बघू.”

तिने एका कागदावर गल्ली काढली. बोअर, मग क्रमाने बावीस चौकोन. घराघरांतून फिरत ती पिवळ्याला मोकळा चौकोन सोडत गेली आणि काळ्याला भरत गेली. कागद पुरा झाला तेव्हा चित्र असं होतं, की पहिल्या आठ घरांत सात पिवळ्या आणि एक काळी, नऊपासून बाविसापर्यंत तेरा काळ्या आणि एक पिवळी.

दुसऱ्या कुणी त्या दोन अपवादांकडे काणाडोळा केला असता. सदफला ते दातात अडकलेल्या कणासारखे झाले. ती आधी तिसऱ्या घरात गेली. तिथला बॅरल दिवाळीनंतर घासलेलाच नव्हता. आत हात घातला तर बोटांना बुळबुळीत शेवाळ लागलं. नळाखालून भरलेली दुसरी बाटली तिने तिथे ठेवली, ती पुढे पिवळीच राहिली. मग पंधरावं घर, देगलूरकडच्या गौरम्माचं.

“आक्का, तुमची एकटीचीच पिवळी कशी?”

“देवाची कृपा.”

“कुठलं पाणी भरलं होतं? तेव्हा माझं लक्ष दारातल्या बायकांकडे होतं.”

“भांडी घासायचंच.”

सदफने नुसतं कोपऱ्यातल्या जारकडे बघितलं. गौरम्माही तिकडे बघू लागली आणि मग पदराआड हसली. “काय करू? आमच्यात भांडीसुदिक जारनंच घासत्यात, असं मीच सांगून ठेवलंय गल्लीत. सगळ्या बाया दारात उभ्या होत्या. सगळ्यांदेखत बॅरलकडं जाऊ व्हय?”

“ओ गौरम्मा!” धोंडाबाई मागून ओरडल्या. “तुझ्या जारनं घासलेल्या भांड्याला मागल्या महिन्यात मुंग्या लागल्या होत्या, विसरलीस का?”

तेव्हा सदफ हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग ती कागद घेऊन आठव्या आणि नवव्या घरांच्या मधे जाऊन उभी राहिली. काळी नळी व्यंकटीच्या घरापासून भिंतीच्या कडेने वरून येत होती. आठव्या घराचा दरवाजा आला तिथे ती खाली उतरून थेट उघड्या गटारात शिरली होती आणि नवव्या घरापाशी बाहेर निघून पुढे गेली होती.

तिने गल्लीला हाक दिली. बावीस घरांतून सात माणसं आली. व्यंकटी आला तो फावडं घेऊनच. त्याने गाळ बाजूला ओढला तसा सगळ्यांनी नाकाला पदर-रुमाल लावला. नळीच्या दोन तुकड्यांचा जोड सायकलच्या ट्यूबने आवळला होता आणि ट्यूब कुजून सैल झाली होती.

“मोटर चालू असते तेव्हा पाणी बाहेर फेकलं जातं,” सदफ म्हणाली. “मोटर बंद झाली की नळी पाणी आत ओढते. म्हणजे दिवसाचे बावीस तास ही नळी गटार पिते.”

व्यंकटी वाकलेलाच होता. “म्हंजे बोअर?”

“तुमच्या घरची बाटली पिवळी आहे. बोअर चांगलं आहे.”

“मग हे आधी का न्हाई सांगितलं, म्याडम?”

“आधी तुम्ही मला जार दिला होता.”

सातही जण हसले, व्यंकटीसुद्धा. क्लासला निघालेली दोन पोरं कानात वायरी घालून, गाळाच्या ढिगावरून उडी मारून, काय चाललंय हे न विचारता पुढे गेली. सदफने त्यांच्या पाठीकडे बघितलं. दोन दिवसांपूर्वी तिचं डोकं फिरलं असतं. आता तिने घड्याळ बघितलं आणि नवी नळी किती फूट लागेल ते पावलांनी मोजायला घेतलं.

संध्याकाळच्या आत नळी गटारातून निघाली आणि भिंतीवर चढली. पावडर संपण्याआधी सदफने टाकीमागच्या गल्लीसाठी डबा मागून घेतला आणि मात्रा स्वतः मोजून दिली. पोरं वास येतो म्हणून कुरकुरली. धोंडाबाईंनी सांगितलं, वास घ्यायचा का गटार प्यायचं, ठरवा.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत जाण्याआधी नांदेडहून अब्बांचा फोन आला. “सदफ, वो क्लासवाले बुलारे ना तेरेकू? बैठ के पेपर बनाने का काम, छाँव में. जाती कायकू नै?”

“अभी नै अब्बा. मेरी एक गलती निकली इधर.”

पलीकडे घड्याळांची टिकटिक ऐकू आली. “गलती निकली तो सुधार के आ,” अब्बा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मलप्पा सर तिच्या कागदावरच्या चौकोनांकडे बराच वेळ बघत होते. “छान काम केलंस,” ते म्हणाले. “गल्ली यादीत ठेवू. एक ओळ दुरुस्त कर, मी सही करतो.”

“सर, ओळ एक नाही.”

“म्हणजे?”

“दहाही गल्ल्यांत मी बाटल्या अशाच वाटल्या. तीच चिठ्ठी, तोच शब्द. दोनशे चौदा घरं.” तिने लिहून आणलेला कागद पुढे केला. “सगळे निकाल रद्द करायला हवेत.”

सरांनी चष्मा काढला. “बाकीच्यांचं कोण विचारतंय तुला? तिथे कावीळ नाही.”

“दोन गल्ल्यांत आहे. पण नसती तरी तिथलं पाणी कसं आहे हे मला ठाऊक नाही. मी नमुने तपासले सर, पाणी तपासलंच नाही.”

“सहा आठवड्यांचं काम आहे हे, सदफ. एकटीचं. चपलेचा पट्टा बघ, पाय सुजून रुतलाय. हे फेकून दिलंस तर पहिल्यापासून करावं लागेल, आणि कुणी आभारही मानणार नाही. निकाल चांगला असला की लोक वाचत नाहीत आणि वाईट असला की भांडतात.”

“हाव सर.”

“हाव काय?”

“तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे.”

सर कागद वाचू लागले. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘नमुने घेण्याची पद्धत चुकली. ही चूक माझी आहे.’ “हे काढ,” ते म्हणाले. “कंत्राटावर आहेस तू. मी लिहितो, मनुष्यबळाअभावी.”

“तेही लिहा. तेही खरंच आहे. पण माझं वाक्य राहू द्या. नाहीतर उद्या दुसरं कुणी अशाच बाटल्या वाटेल.”

सरांनी पेनाचं टोपण उघडलं. उद्याच्या बैठकीत दहा गल्ल्यांची यादी घेऊन उभं राहायचं होतं ते त्यांना, आणि त्या यादीत आता एकाही गल्लीपुढे ‘पिण्यायोग्य’ लिहिता येणार नव्हतं. शेवटी त्यांनी तिच्या वाक्याखाली स्वतःचं वाक्य लिहिलं आणि दोन्हींखाली मिळून एक सही केली.

“सोमवारपासून बाटल्या मी धुवेन,” ते कागद परत देत म्हणाले. “निर्जंतुक करायचं विसरलो नसेन अजून. तू फक्त फिर.”

सोमवारी साडेनऊला सदफ पुढच्या गल्लीतल्या पहिल्या दारात होती. एकशे ब्याण्णव घरं राहिली होती. खिशात छापील चिठ्ठी नव्हती. दार उघडणाऱ्या माणसाच्या बनियनवर दात घासल्याचे डाग होते.

“आज न्हाई जमनार,” तो म्हणाला. “उद्या या.”

“उद्या दुसरी गल्ली आहे. तुमचा नळ कधी येतो?”

“साडेदहाला. कधी अकराला. कधी येतच न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. ती उठेल म्हणून तो थोडा वेळ चौकटीला टेकून उभा राहिला. ती उठली नाही.

“कसलं पानी पाहिजे तुमाला?” त्याने शेवटी विचारलं.

“तुमची पोरं आज सकाळी प्यायली ते.”